खचदरीतले भ्रंश, ज्वालामुखी आणि जमिनीतली वाफ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्वालामुखीच्या धोक्यामुळे आइसलँडमधलं ग्रिंडाविक गाव रिकामं झालं, इथियोपियातल्या हायली गुब्बी ज्वालामुखीची राख थेट उत्तर भारताच्या आकाशात आली, आणि खचदऱ्यांबद्दल एकदम खूप प्रश्न विचारले जाऊ लागले. त्यातले पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे नुसतं हो किंवा नाही म्हणून भागत नाही.

खचदरी नदीच्या दरीपेक्षा वेगळी कशी?

नदीची दरी वरून झिजून तयार होते. खचदरीत मात्र भूकवचच दोन्ही बाजूंना ओढलं जातं, ताणून पातळ होतं, आणि मधला पट्टा दोन्हीकडच्या तिरप्या भ्रंशांवरून घसरत खाली बसतो. भ्रंश म्हणजे खडकातली अशी भेग, जिच्या दोन बाजू एकमेकींच्या तुलनेत सरकल्या आहेत. खचदरीतले भ्रंश साधारण ६० अंशांनी कललेले असतात. दरीच्या कडेला जे उंच कडे दिसतात ते या भ्रंशांचेच उघडे पडलेले भाग.

पूर्व आफ्रिकेची खचदरी हे याचं सर्वांत मोठं उदाहरण. इथियोपियातल्या अफारपासून मोझांबिकपर्यंत तिची लांबी ३,००० किमीहून जास्त आहे. ब्रिटिश भूवैज्ञानिक जॉन वॉल्टर ग्रेगरी १८९३ मध्ये केनियात गेले आणि ही दरी पाण्याने कोरलेली नसून खचलेली आहे हे त्यांनी मांडलं. तिच्या पूर्व शाखेला आजही त्यांचं नाव आहे. इथियोपियात ही दरी वर्षाला ५ ते ६ मिमी रुंदावते, केनियात त्याहून सावकाश. आइसलँडमध्ये हाच वेग वर्षाला दोनेक सेंटीमीटर आहे.

भ्रंश म्हणजे मॅग्माला वर यायची तयार वाट, बरोबर ना?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि सर्वांत पक्का बसलेला गैरसमजही. शाळेच्या पुस्तकातल्या आकृतीत भ्रंशाची रेघ खाली मॅग्माच्या, म्हणजे जमिनीखालच्या वितळलेल्या खडकाच्या, कोठीपर्यंत जाते आणि वर ज्वालामुखीच्या तोंडाशी निघते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा मॅग्मा स्वतःची भेग स्वतः फोडतो. खडक फोडून त्यात घुसलेल्या मॅग्माच्या या उभ्या, पातळ पत्र्याला डाइक म्हणतात. डाइक एखाद-दोन मीटर जाड आणि कित्येक किलोमीटर लांब असू शकते.

मॅग्मा तयार भ्रंश सोडून नवी भेग का फोडतो? जमिनीखाली खडकावर सगळीकडून दाब असतो, पण तो सगळ्या दिशांना सारखा नसतो. भेग उघडायची तर तिच्या दोन्ही बाजू दूर ढकलाव्या लागतात, आणि जिकडे दाब सर्वांत कमी तिकडे ढकलणं सर्वांत सोपं. खचदरीत सर्वांत कमी दाब असतो तो आडवा, दरी ज्या दिशेला ताणली जाते त्या दिशेला. म्हणून सर्वांत स्वस्तात उघडणारी भेग उभी असते आणि दरीच्या लांबीला समांतर जाते. भ्रंश मात्र तिरपा असतो. त्याच्यावर वरच्या खडकाचं वजन बसलेलं असतं, त्यामुळे तो घट्ट मिटलेला असतो. तो उघडण्यापेक्षा नवी उभी भेग पाडणं मॅग्माला परवडतं.

आइसलँडमध्ये ऑगस्ट २०१४ मध्ये हे जवळजवळ डोळ्यांदेखत घडलं. बार्डारबुंगा ज्वालामुखीपासून निघालेली डाइक आधी आग्नेयेकडे गेली, कारण ज्वालामुखीच्या वजनाचा प्रभाव तिथे जास्त होता. पण थोडं दूर गेल्यावर ती वळली आणि त्या भागातल्या ताणाला साजेशी ईशान्येकडे धावू लागली, तीही एका दमात नाही, तर तुकड्यातुकड्यांनी, मध्ये थांबत. दोन आठवड्यांत ४५ किमीहून जास्त अंतर कापून ती होलुह्रॉनच्या माळावर फुटली आणि फेब्रुवारी २०१५ च्या अखेरपर्यंत लाव्हा वाहत राहिला. रस्ता ठरवला तो तिथल्या ताणाने.

अपवाद आहेत. पृष्ठभागाजवळ, जिथे खडकाचं वजन कमी आणि भ्रंश जवळपास उभा, तिथे मॅग्मा भ्रंशावर चढतो. भ्रंशाच्या कड्याला लागून एका ओळीत बसलेले छोटे ज्वालामुखी शंकू दिसतात ते त्यामुळे.

म्हणजे भ्रंशांचा ज्वालामुखीशी संबंधच नाही?

आहे, आणि तो बऱ्याचदा उलट्या बाजूने असतो. म्हणजे भ्रंशामुळे मॅग्मा वर येण्याऐवजी मॅग्मामुळे भ्रंश तयार होतात.

डाइक वर सरकू लागली की तिच्या टोकाच्या वरचा खडक दोन्हीकडे ताणला जातो. मग तिच्या डोक्यावर दोन समांतर भ्रंश उमटतात आणि मधली जमीन खाली बसते. होलुह्रॉनला लाव्हा निघण्याआधी अशी खाच पडलेली दिसली होती. १० नोव्हेंबर २०२३ च्या रात्री ग्रिंडाविक गावाखालून सुमारे १५ किमी लांबीची डाइक गेली, तेव्हा गावाच्या मधोमध अशीच खाच पडली. रस्ते फाटले, मधला पट्टा एक मीटरहून जास्त खचला. त्यातले काही भ्रंश जुनेच होते, पूर्वीच्या अशाच घटनांमधले. त्यांच्यावर घरं बांधली गेली होती.

मोठ्या प्रमाणावर हे पाहायचं तर अफारमधल्या दब्बाहू ज्वालामुखीकडे जायला हवं. सप्टेंबर २००५ मध्ये तिथे काही आठवडे भूकंपांचा सपाटा लागला. उपग्रहाच्या रडारने आधीच्या आणि नंतरच्या प्रतिमा ताडून पाहिल्या तेव्हा सुमारे ६० किमी लांबीचा पट्टा फाकलेला दिसला, काही ठिकाणी तब्बल ८ मीटर. आत सुमारे अडीच घन किलोमीटर मॅग्मा घुसला होता. वर आला तो किती? काहीशे मीटरच्या एका भेगेतून थोडी राख आणि प्युमिस, म्हणजे हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड, बस. अफारचा हा भाग वर्षाला दीडएक सेंटीमीटर रुंदावतो, म्हणजे पाचएक शतकांचा साठलेला ताण काही आठवड्यांत मोकळा झाला. आणि तो मोकळा करण्याचं मुख्य काम मॅग्माने केलं. भ्रंश सरकले, पण त्याच्या पाठोपाठ. पुढे २०१० पर्यंत त्याच पट्ट्यात आणखी १३ डाइक घुसल्या.

मला वाटतं, खचदरी समजून घ्यायची गुरुकिल्ली इथेच आहे. ताण मोकळा करण्याचे दोन मार्ग : भ्रंश सरकणं किंवा डाइक घुसणं. दरी तरुण असते तेव्हा कडेचे मोठे भ्रंश बहुतेक काम करतात. खालून मॅग्मा पुरेसा येऊ लागला की तो हे काम स्वस्तात करतो, कारण डाइक उघडायला भ्रंश सरकवण्यापेक्षा बराच कमी ताण पुरतो. मग कडेचे भ्रंश सुस्तावतात आणि हालचाल मधल्या अरुंद पट्ट्यात गोळा होते. इथियोपियात गेल्या सुमारे २० लाख वर्षांत हेच झालं. तिथला मधला पट्टा वोंजी भ्रंशपट्टा म्हणून ओळखला जातो. त्यातले भ्रंश कडेच्या भ्रंशांना नीट समांतरही नाहीत, थोडे उत्तरेकडे झुकलेले आहेत, आणि तुकड्यातुकड्यांनी तिरकस रांगेत मांडलेले आहेत.

भूकंप झाला म्हणून ज्वालामुखी जागा होतो का?

क्वचित, आणि तो आधीच तयारीत असेल तरच. टांझानियातलं २००७ चं उदाहरण बोलकं आहे. जुलैमध्ये नेट्रॉन सरोवराच्या दक्षिणेला भूकंपांची मालिका सुरू झाली, १७ जुलैचा धक्का ५.९ चा होता. तिथे एक भ्रंश बऱ्यापैकी सावकाश, मोठा धक्का न देता सरकला आणि गेलाई ज्वालामुखीच्या बाजूला डाइक घुसली. ४ सप्टेंबरला शेजारच्या ओल दोइन्यो लेंगाईचा मोठा स्फोटक उद्रेक झाला. दोन्हींचा संबंध आहे असं मानायला जागा आहे, पण भूकंपाने बटण दाबलं आणि ज्वालामुखी फुटला इतकं ते सरळ नाही.

ज्वालामुखीच्या आकारावरून खालच्या भ्रंशांची दिशा ओळखता येते?

बऱ्याच अंशी हो, आणि यासाठी महागडी उपकरणं लागत नाहीत, चांगली उपग्रह प्रतिमा पुरते. छोट्या शंकूंची रांग बघा, ती खालच्या डाइकची दिशा सांगते. एकेका शंकूचं विवर लांबट असेल तर त्याची लांब बाजू बहुधा त्याच दिशेत असते. एका बाजूने फुटलेल्या विवरांची तोंडंही पुष्कळदा त्याच रेषेत असतात.

मोठ्या कॅल्डेऱ्यांचं प्रकरण वेगळं, आणि जास्त मजेशीर. मॅग्माची कोठी रिकामी होऊन छत कोसळलं की कॅल्डेरा तयार होतो. दरी पूर्व-पश्चिम ताणली जात असेल तर कोठी उत्तर-दक्षिण लांबट असावी अशी आपली अपेक्षा. पण इथियोपियातले गेडेम्सा आणि फेंटाले हे कॅल्डेरे जवळपास पूर्व-पश्चिम लांबट आहेत, दरीला आडवे. कारण भूकवचाला खचदरीच्या आधीचा इतिहास आहे. जुने भ्रंश, जुन्या खडकांच्या सीमा, कमकुवत पट्टे खाली तसेच असतात. जुना सदरा ताणला की तो उसवलेल्या शिवणीतच फाटतो, तसं खोलवरचा मॅग्मा या जुन्या कमकुवत रेषांना धरून पसरतो. म्हणून वरच्या शंकूंची दिशा आजचा ताण सांगते आणि कॅल्डेऱ्याची दिशा कधीकधी कोट्यवधी वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. दोन्ही एकाच ज्वालामुखीवर वाचता येतात.

सगळे ज्वालामुखी दरीत असायला हवेत. मग किलिमांजारो आणि माउंट केनिया बाहेर कसे?

दरी खचली की तिथलं वरचं वजन कमी होतं आणि त्यामुळे खोलवरचा ताण बदलतो. खालून येणारा मॅग्मा सरळ वर न येता दरीच्या कडांकडे वळू शकतो. हे एक पटणारं स्पष्टीकरण आहे. खोल दरीत हा परिणाम जास्त, उथळ दरीत कमी.

पूर्व शाखेत ज्वालामुखींची रांग, पश्चिम शाखेत खोल सरोवरं. एकाच खचदरीत एवढा फरक का?

मॅग्माचा पुरवठा. पूर्व शाखेखाली तो भरपूर आहे. पश्चिम शाखेत तुटपुंजा आहे, म्हणून ताणाचं काम अजूनही कडेच्या मोठ्या भ्रंशांवरच पडतं. ते किलोमीटरच्या हिशोबात खचले आहेत आणि त्या खळग्यांत सरोवरं साठली आहेत. टांगानिका सरोवर सुमारे १,४७० मीटर खोल आहे. पश्चिम शाखेतले भूकंपही जास्त खोलवरून येतात, कारण तिथलं भूकवच थंड आणि ठिसूळ आहे.

तिथे ज्वालामुखी आहेत ते मोजक्या ठिकाणी, मुख्यतः जिथे दरीचे दोन तुकडे जुळतात. काँगोमधला न्यिरागोंगो त्यातला. २००२ च्या जानेवारीत त्याच्या दक्षिण उतारावर भेगा उघडत गेल्या आणि लाव्हा गोमा शहरात शिरला. मे २०२१ मध्ये उद्रेक थांबल्यावरही डाइक शहराखालून किवू सरोवराच्या दिशेने सरकत होती, आणि शहराचा काही भाग रिकामा करावा लागला. ती डाइक वर आली नाही.

भूऔष्णिक साठ्याला, म्हणजे जमिनीतल्या गरम पाण्याच्या आणि वाफेच्या साठ्याला, काय काय लागतं?

उष्णता, पाणी, खडकात पाणी फिरायला जागा आणि वर झाकण. खचदरीत उष्णता बहुधा उथळ मॅग्मामुळे मिळते. पाणी मुख्यतः पावसाचं असतं. ते दरीच्या उंच कडांवर पडतं, कडेच्या भ्रंशांतून खोल उतरतं, तापतं आणि मधल्या पट्ट्यात वर चढतं. झाकण पाणी स्वतःच तयार करतं : गरम पाणी वरच्या खडकाचं मातीत रूपांतर करतं, आणि ती चिकणमाती पाणी अडवते.

यातली सर्वांत दुर्मीळ गोष्ट म्हणजे फिरायला जागा. गरम पण कोरडा खडक पुष्कळ सापडतो. गरम, ओला आणि भेगाळलेला खडक शोधण्यातच सगळा पैसा खर्च होतो.

भ्रंशावर कुठेही विहीर घेतली तर वाफ मिळेल का?

नाही. जमिनीवर सर्वांत ठळक दिसणारा भ्रंश बहुतेक वेळा निवडायला सर्वांत वाईट असतो.

लांब, सरळ, भरपूर सरकलेल्या भ्रंशाच्या मधल्या भागात हालचालीने खडक दळून बारीक पीठ झालेला असतो. ते पीठ पाण्याबरोबर चिकणमाती बनून बसतं. शिवाय तिथे ताण एकदाच मोठ्या भूकंपात मोकळा होतो आणि मग शतकानुशतकं काही घडत नाही. त्या वेळात उरलेल्या भेगाही खनिजांनी बुजतात.

पाणी फिरतं ते भ्रंश अडखळतो तिथे. एक भ्रंश संपून थोडं बाजूला दुसरा सुरू होतो तो मधला पट्टा, ज्याला स्टेप-ओव्हर म्हणतात. भ्रंशाचं टोक, जिथे तो बारीक बारीक फाट्यांत विखुरतो. दोन भ्रंश एकमेकांना छेदतात ती जागा. अशा ठिकाणी ताण एकवटतो, लहान लहान भूकंप सतत होत राहतात आणि भेगा पुन्हापुन्हा उघडतात. नेवाडा विद्यापीठातले जेम्स फॉल्ड्स आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ग्रेट बेसिनमधली शेकडो गरम पाण्याची ठिकाणं तपासली. त्यातली सुमारे एक तृतीयांश स्टेप-ओव्हरवर निघाली, पुष्कळशी टोकांवर आणि छेदांवर. मोठ्या भ्रंशाच्या ऐन मध्यावर फारच थोडी. विशेष म्हणजे ग्रेट बेसिनमधल्या बहुतेक ठिकाणी उथळ मॅग्मा नाही. तिथलं पाणी केवळ खोल उतरून तापतं, त्यामुळे भ्रंशांचा हिशोब तिथे अगदी स्वच्छ दिसतो.

खचदरीतल्या ज्वालामुखीवर हे पाहायचं तर इथियोपियातलं अलुतो घ्या. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे ८ शोध विहिरी घेतल्या गेल्या. ज्वालामुखीच्या मध्यावर, अर्तु जावे भ्रंशाच्या पट्ट्यात घेतलेल्या दोन विहिरींत तापमान ३०० अंश सेल्सियसच्या पुढे गेलं. त्याच ज्वालामुखीच्या उतारावरच्या विहिरी त्यामानाने थंड निघाल्या. पुढे जमिनीतून झिरपणाऱ्या कार्बन डायऑक्साइडची मोजणी झाली, तेव्हा तोही याच भ्रंशाच्या रेषेवर सर्वांत जास्त निघाला. डोंगर तोच आणि उष्णतेचा स्रोतही तोच, पण वाफ मिळाली ती एका अरुंद पट्ट्यात.

एकच भ्रंश पाणी वाहूनही नेतो आणि अडवतोही, असं कसं?

भ्रंशाचा मधला गाभा आणि बाजूचा खडक यांची वागणूक वेगळी असते. गाभ्यात दळलेला, चिकणमाती झालेला खडक असतो, तो पाण्याला आरपार जाऊ देत नाही. गाभ्याच्या दोन्हीकडे भेगाळलेल्या खडकाचा पट्टा असतो आणि पाणी त्यातून भ्रंशाच्या लांबीने किंवा उंचीने धावतं. त्यामुळे भ्रंशाच्या एका बाजूला उकळतं पाणी आणि काहीशे मीटरवर पलीकडे कोमट, हे अगदी शक्य आहे.

केनियातल्या ओल्कारियात ही दोन्ही रूपं एकाच क्षेत्रात सापडतात. नैवाशा सरोवराच्या दक्षिणेला असलेल्या या क्षेत्रात १९८१ मध्ये १५ मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला, आफ्रिकेतला अशा प्रकारचा पहिला मोठा प्रकल्प. आज केनियाची ४० टक्क्यांच्या आसपास वीज जमिनीतल्या वाफेतून येते आणि त्यातला सिंहाचा वाटा ओल्कारियाचा. इथे भ्रंशांचं जाळं आहे. काही छेदांवर गरम पाणी वर चढतं. पण उत्तर-दक्षिण जाणारा ओलोल्बुतोत भ्रंश, ज्याच्यावर क्षेत्रातला सर्वांत ताजा, दोनेकशे वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे, तो नेमका अपेक्षेच्या उलट वागतो. त्याच्या काही भागात थंड पाणी खाली उतरतं, आणि त्याच्या पूर्वेचं व पश्चिमेचं पाणी रासायनिकदृष्ट्याही वेगळं आहे. ताजा लाव्हा दिसला म्हणून तिथेच खणू, असा विचार करणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

भेगा आपोआप बुजतात, मग हे साठे लाखभर वर्षं कसे टिकतात?

बुजण्याचा वेग आणि फुटण्याचा वेग यांची शर्यत चालू असते. गरम पाण्यात भरपूर सिलिका विरघळलेली असते. पाणी थंड झालं किंवा उकळलं की ती भेगेच्या भिंतींवर साचते. भूकंप झाला की भेग पुन्हा फुटते.

नेवाडातल्या डिक्सी व्हॅलीत या शर्यतीचा चांगला अभ्यास झाला आहे. तिथल्या चांगल्या विहिरींत आणि कोरड्या विहिरींत तापमानाचा फार फरक नव्हता. फरक भेगांच्या दिशेत होता. चांगल्या विहिरींतल्या भेगा आजच्या ताणाखाली सरकण्याच्या अगदी बेतात असलेल्या, कोरड्या विहिरींतल्या भेगा तशा नव्हत्या. आज खोदकामाआधी ताणाची दिशा मोजण्यावर एवढा भर दिला जातो तो यामुळे.

नवा साठा डोळ्यांदेखत जन्माला येण्याचं उदाहरणही आहे. १० जून १८८६ ला न्यूझीलंडमधला तारावेरा ज्वालामुखी फुटला. सुमारे १७ किमी लांबीची भेग डोंगरापासून रोटोमहाना सरोवर ओलांडून पलीकडे गेली, आणि जगप्रसिद्ध गुलाबी व पांढऱ्या सिलिकाच्या पायऱ्या नाहीशा झाल्या. त्या भेगेच्या नैऋत्य टोकाला, जिथे आधी गरम पाण्याचं मोठं क्षेत्र नव्हतं, तिथे वाइमांगूचं क्षेत्र उदयाला आलं. १९०० ते १९०४ या काळात तिथला गीझर, म्हणजे उसळणारा गरम पाण्याचा झरा, काळं, चिखलाळ पाणी कधीकधी ४०० मीटरच्या आसपास उंच उडवत असे. मग तो थांबला. क्षेत्र मात्र अजून गरम आहे.

विहीर थेट मॅग्मात घुसली तर?

घुसली आहे. आइसलँडमधल्या क्राफ्ला ज्वालामुखीत २००९ मध्ये साडेचार किलोमीटरपर्यंत जायचं ठरवून विहीर सुरू केली, ती २.१ किमीवरच सुमारे ९०० अंशांच्या मॅग्मात पोहोचली. स्फोट झाला नाही. मॅग्मा थोडा वर सरकून थिजला आणि ड्रिलबरोबर काचेचे तुकडे आले. नंतर त्या विहिरीतून सुमारे ४५० अंशांची वाफ निघाली. २०१२ मध्ये झडपा बिघडल्यामुळे ती बंद करावी लागली. केनियातल्या मेनेंगाई कॅल्डेऱ्यातही काही विहिरी अशाच मॅग्मापर्यंत गेल्या.

याच्या उलटंही घडलं आहे, म्हणजे मॅग्माच विहिरीत आला. क्राफ्लात १९७५ ते १९८४ दरम्यान डाइक घुसण्याच्या सुमारे २० घटना झाल्या, त्यातल्या ९ वेळा उद्रेक झाला. ८ सप्टेंबर १९७७ ला क्राफ्लापासून दक्षिणेला सरकलेली डाइक नामाफ्याल इथल्या एका विहिरीला छेदून गेली आणि थोडा बसॉल्ट विहिरीच्या तोंडातून बाहेर उडाला. त्या काळात ज्वालामुखीचे आम्लधर्मी वायू क्राफ्लाच्या साठ्यात शिरले, विहिरींचे पाइप खराब झाले, आणि वीजकेंद्राचं दुसरं टर्बाइन सुरू व्हायला १९९० चं दशक उजाडलं.

मग अशा जागी वीजकेंद्र बांधणं शहाणपणाचं आहे का?

दुसरीकडे बांधता येत नाही, हे खरं उत्तर. उष्णता आणि भेगा जिथे, तिथेच धोका. ग्रिंडाविकजवळच्या स्वार्तसेंगी भूऔष्णिक केंद्राभोवती मातीचे उंच बांध घातले, आणि २०२३ च्या अखेरीपासून शेजारी वारंवार उद्रेक होऊनही केंद्र टिकलं. पण ८ फेब्रुवारी २०२४ ला लाव्हाने गरम पाण्याची मुख्य वाहिनी तोडली आणि ऐन हिवाळ्यात वीस हजारांहून अधिक लोकांच्या घरातलं गरम पाणी बंद झालं. लक्ष सगळं केंद्राकडे होतं, फटका बसला वाहिनीला.

वापरलेलं पाणी परत जमिनीत सोडल्याने भूकंप होतात?

लहान भूकंप होतात, हो. आइसलँडमधल्या हेलिशेईदी केंद्राने २०११ मध्ये हुसमूली इथे पाणी परत सोडायला सुरुवात केल्यावर ऑक्टोबरमध्ये सुमारे ४ तीव्रतेचे दोन धक्के बसले. पाण्याच्या दाबाने भ्रंशाच्या दोन बाजूंमधलं घर्षण कमी होतं आणि आधीच ताणात असलेला भ्रंश सरकतो. पण पाणी परत सोडलं नाही तर साठ्याचा दाब उतरतो. दुसरी अडचण जास्त रोजची आहे : परत सोडलेलं थंड पाणी एखाद्या मोकळ्या भ्रंशातून थेट उत्पादन विहिरीकडे धावतं आणि तिला थंड करतं. म्हणून जो भ्रंश पाणी काढायला चांगला, तोच पाणी सोडायला सहसा वाईट.

जमीन फुगते आहे अशी बातमी आली, म्हणजे उद्रेक होणार?

बहुतेक वेळा नाही. केनियातला लोंगोनोत ज्वालामुखी २००४ ते २००६ मध्ये सुमारे ९ सेंमी वर आला, पाका २००६-०७ मध्ये सुमारे २१ सेंमी. दोन्ही शांत राहिले. इथियोपियात फेंटाले आणि दोफेन या ज्वालामुखींच्या मध्ये सप्टेंबर २०२४ पासून डाइक घुसत राहिली, भूकंपांमुळे हजारो लोकांना हलवावं लागलं, पण लाव्हा बाहेर आला नाही. याच्या उलट, हायली गुब्बी २३ नोव्हेंबर २०२५ ला फुटला तेव्हा त्याचा आधीचा एकही उद्रेक नोंदलेला नव्हता. मात्र त्याच वर्षी जुलैमध्ये शेजारच्या एर्टा अलेकडून एक डाइक त्याच्या दिशेने सरकल्याचं उपग्रहांनी टिपलं होतं. एकाच डोंगराकडे बघत बसण्यापेक्षा सगळ्या भ्रंशपट्ट्यावर लक्ष ठेवलेलं बरं.

जिथे ज्वालामुखी नाही तिथल्या भ्रंशातूनही काही बाहेर पडतं का?

पडतं. केनिया-टांझानिया सीमेवरच्या मागाडी-नेट्रॉन खोऱ्यात कडेच्या भ्रंशांतून कार्बन डायऑक्साइड झिरपतो. मोजणीवरून काढलेला अंदाज वर्षाला सुमारे ४० लाख टनांचा आहे. हा वायू खोल मॅग्मातून सुटतो आणि भ्रंशांच्या वाटेने वर येतो. वर मी म्हटलं की भ्रंश बहुतेक वेळा मॅग्माची वाट नसतो. वायू आणि पाण्याची मात्र तो नक्कीच आहे.

२०१८ मध्ये केनियात पडलेली ती प्रचंड भेग म्हणजे आफ्रिका दुभंगण्याची सुरुवात होती?

नाही. मार्च २०१८ मध्ये माई माहियूजवळ रस्ता तोडून गेलेली ती घळ मुसळधार पावसाने पाडली होती. तिथे सैल ज्वालामुखी राखेचे जाड थर आहेत, पाणी आतून ते पोखरत होतं, आणि एक दिवस वरचं छत कोसळलं. त्या वेळी भूकंपाची मोठी नोंद नाही, आणि दोन्ही काठ एकमेकांपासून सरकल्याचा पुरावाही नाही. खाली जुना भ्रंश असेल आणि पाण्याने तीच कमकुवत रेषा धरली असेल, हे शक्य आहे. पण आफ्रिका दुभंगते आहे ती वर्षाला काही मिलिमीटरने, आणि तिथे महासागर व्हायला लाखो नव्हे तर कोट्यवधी वर्षं लागतील.